भोपळ्याला फुटलेले पाय

विचारा की! : वाचकांचे स्वयंपाकघरातले प्रश्न

प्रश्न : मावशी, लग्नानंतर जानेवारीत मी न्यू जर्सीला, एडिसनला आले. हे माझं पहिलंच थँक्सगिव्हिंग. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सीनियर बाईंकडे जेवण आहे, चौदा माणसं. प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा, आणि माझ्या वाट्याला पम्पकिन पाय आलाय, म्हणजे मैद्याच्या पारीत भाजलेलं भोपळ्याचं गोड सारण. आत्तापर्यंत दोनदा करून बघितला. हॅलोवीन झाल्यावर दुकानात मोठाले केशरी भोपळे मातीमोल झाले होते, त्यातलाच एक आणून उकडला. पहिल्या खेपेला सारण पाणीदार आणि खालच्या पारीचा लगदा. दुसऱ्या खेपेला जास्त वेळ भाजला, तर मधोमध ही एवढी भेग, मे महिन्यातल्या शेतासारखी. त्यात सासूबाई सांगलीहून आल्यात, त्या अंडं खात नाहीत आणि जेवायला त्याही येणार आहेत. नवरा म्हणतो, सरळ भोपळ्याचे घारगे ने. नेऊ का?
— एक सूनबाई, एडिसन

उत्तर : घारगे ने, पण पायच्या ऐवजी नको. पायबरोबर ने.

त्या दिवशी टर्की करपली तरी लोक चालवून घेतात. पाय नसला तर गणपतीत मोदक नसल्यासारखं होतं. आणि मोदकाचं काम जिच्याकडे दिलंय तिने रसमलाई आणली, तर यजमानीण हसून भांडं हातातून घेईल, पण पुढच्या वर्षी तुला पेपर नॅपकिन आणायला सांगेल. मुळात हा सण सगळ्या देशाचा झाला तोच एका मासिकवाल्या बाईंच्या चिकाटीने. सारा जोसेफा हेल नावाच्या संपादक होत्या, त्यांनी वर्षानुवर्षं एकामागून एका राष्ट्राध्यक्षाला पत्रं धाडली, शेवटी १८६३ मध्ये लिंकनने ऐकलं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला तो १९४१ मध्ये. मासिकात सदर लिहिणाऱ्या बाईने हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं दिसलं नसतं.

आता तुझा भोपळा. अगं, तो खायचा नव्हताच. तो नाक-डोळे कोरून आत दिवा लावायचा. त्याचा गर पाणचट आणि दोरे-दोरे असतो, भिंती पातळ. कोरायला सोपा म्हणून लावतात, चवीसाठी नाही. दुकानात लहान, दोन-तीन पौंडाचे ‘शुगर पम्पकिन’ किंवा ‘पाय पम्पकिन’ अशी पाटी लावलेले असतात, ते त्यातल्या त्यात बरे. पण माझं ऐक, भोपळ्याच्या तयार गराचा डबा घे. डबा घेणं म्हणजे आळस नव्हे. तिथल्या सुगरण आज्याही डबाच घेतात, आणि त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय.

१९८८ ते २०११ अशी तेवीस वर्षं आम्ही इलिनॉयमधल्या पिओरियात काढली. हे ट्रॅक्टर-बुलडोझरच्या कारखान्यात, मी आधी घरात आणि मग गावच्या लायब्ररीत. नदी ओलांडली की थोड्याच अंतरावर मॉर्टन नावाचं गाव. स्वतःला ‘जगाची भोपळा राजधानी’ म्हणवतं, आणि त्यात फार थापही नाही. लिबीजचा कारखाना तिथे आहे, अमेरिकेतल्या डबाबंद भोपळ्यातला बहुतेक तिथूनच निघतो. सप्टेंबरात जत्रा भरते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा केशरी शेतं बघायला मिळतील म्हणून कॅमेरा घेऊन गेले होते. शेतात काय, तर फिकट पिवळट-तपकिरी, लांबट, जाडजूड फळं. मी यांना म्हटलं, हे दुधी पिकवून का ठेवलेत?

ती डिकिन्सन नावाची जात. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबात ती मोस्काटा या कुळीत बसते, आणि आपल्या मंडईतले बहुतेक लाल भोपळेही त्याच कुळीतले. कोरायचे केशरी भोपळे पेपो कुळीतले, झुकिनीचे सख्खे. म्हणजे एडिसनमध्ये बसून तू परक्याला घरात घेतलंस आणि घरच्याला दुकानाच्या फळीवर ठेवून आलीस! डबा उघडल्यावर येणारा वास नीट घे, ओळखीचा वाटेल. (२००९ मध्ये तिकडे इतका पाऊस झाला की ट्रॅक्टर चिखलात रुतले, पीक वावरातच राहिलं आणि डब्यांची टंचाई झाली. मी चार डबे अंथरुणाच्या कपाटात दडवून ठेवले होते. रॉकेलच्या रांगेत वाढलेली बाई, दुसरं काय करणार.)

डबा घेताना मात्र वाच. एकाच फळीवर दोन डबे शेजारी-शेजारी असतात. एकात नुसता भोपळा, पंधरा औंस म्हणजे ४२५ ग्रॅम. दुसऱ्यावर ‘पम्पकिन पाय’ असं लिहिलेलं, त्यात साखर-मसाला आधीच घातलेला. पहिल्या वर्षी मी दुसरा आणला आणि वर माझी पाऊण वाटी साखर घातली. समोरच्या घरातल्या आजी एक घास खाऊन म्हणाल्या, ‘इंटरेस्टिंग’. हा शब्द नीट लक्षात ठेव. अमेरिकेत जेवणाला कुणी इंटरेस्टिंग म्हटलं की समजायचं, बशी उचलावी.

तर नुसत्या भोपळ्याचा डबा. तो आधी जाड बुडाच्या पातेल्यात काढून साखर आणि मसाला घालून मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं परत. तूप नको. कडा सुटायला लागल्या, गराला तकाकी आली की बंद. या एका पायरीने तुझं निम्मं पाणी-प्रकरण मिटेल आणि डब्याचा वासही जाईल. मसाला म्हणजे एक चमचा दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा लवंगपूड, किंचित जायफळ, अर्धा चमचा मीठ. वेलची घालू नकोस. मला माहितीय तुझा हात डब्याकडे जाणार. वेलची घातली की त्याची बासुंदी होते. बासुंदी वाईट नाही, पण तुला सांगितलाय पाय.

अंड्याचा पाय असा : हा गर थोडा निवला की दोन अंडी फेटून घाल, मग बारा औंसाचा एक डबा इव्हॅपोरेटेड दूध, म्हणजे साखर नसलेलं आटवलेलं दूध. साखर पाऊण कप, ती परतताना घातलेलीच आहे. नऊ इंची खोल पारीत ओत, ४२५ फॅरनहाइटवर पंधरा मिनिटं, मग आच ३५० वर आणून चाळीस-पन्नास मिनिटं. मापं जवळपास डब्यावरच्या लेबलचीच आहेत. त्यात सुधारणा करायच्या फंदात मी दहा वर्षं घालवली आणि शेवटी लेबलवर परत आले.

भेग का पडली? तू त्याला भोपळ्याचा हलवा समजलीस म्हणून. हा पदार्थ खरवसाच्या जातीचा आहे. यात भोपळा असतो, पण घट्टपणा अंडं आणि दूध देतात. खरवस जास्त शिजला तर काय होतं? जाळी पडते, आक्रसतो, पाणी सोडतो. तेच इथे. कडेचा दोन बोटं भाग घट्ट झाला आणि मधला, वाटीच्या तोंडाएवढा, ताट हलवल्यावर जेलीसारखा थरथरला, की बाहेर काढायचा. डचमळला तर आणखी पाच मिनिटं, थरथरला तर पुरे. उरलेलं काम त्याच्या पोटातली उष्णता करते. सुरी घालून ‘स्वच्छ निघते का’ हे मधोमध बघू नकोस, मध्यापासून दोन इंच बाजूला बघ. मधोमध स्वच्छ निघेपर्यंत थांबलीस म्हणजे उशीर झालाच. एवढं करून भेग पडलीच, तर फेटलेल्या क्रीमचा थर असतोच की. तेवीस वर्षांत किती भेगा क्रीमखाली गेल्या, ते मी आणि माझा ओव्हन जाणे.

आता पारी. इथे मराठी हात दोनदा फसतो. एकदा तुपामुळे आणि एकदा मळण्यामुळे. करंजीला कडकडीत मोहन घालतो, चिरोट्याला साटा लावतो, म्हणून मी पहिली पारी साजूक तुपात केली. झाली ती नानकटाई. चव छान, पण सुरी लावली की भुगा. कारण असं की लोण्यात सहाव्या हिश्शाइतकं पाणी असतं. गार लोण्याच्या चपट्या तुकड्यांमधलं ते पाणी ओव्हनमध्ये वाफ होतं आणि पापुद्रे वर ढकलतं. तुपात पाणीच नाही, वाफ कुठून येणार? चिरोट्यात पापुद्रे आपण लाटून रचतो, इथे ते लोण्याकडून करून घ्यायचे. म्हणून फ्रीजमधलं घट्ट लोणी ११५ ग्रॅम, तिकडची एक कांडी. मैदा सव्वा कप, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर. लोण्याचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळ, तळव्याने नको, तळवा गरम असतो. हरभऱ्याएवढे खडे दिसले पाहिजेत. मग बर्फाचं पाणी तीन-चार टेबलस्पून, गोळा जेमतेम जमेल एवढंच. मळू नकोस! पोळीची कणीक आपण तिंबतो, त्या सवयीला आवर घाल. तिंबलीस की पारी चामड्यासारखी होते आणि भाजताना ताटलीच्या कडेवरून खाली घसरते. गोळा तासभर फ्रीजमध्ये, मग लाट, ताटलीत बसव, पुन्हा अर्धा तास फ्रीजमध्ये.

आणि रिकामीच भाज. यावाचून गत्यंतर नाही, तुझ्या लगद्याचं मूळ इथेच आहे. पारीवर बेकिंग पेपर, त्यावर राजमा काठोकाठ भर, ४०० वर पंधरा मिनिटं. मग राजमा काढून आणखी सात-आठ मिनिटं, तळ कोरडा दिसेपर्यंत. राजमा बरणीत परत ठेव, तो आता पायचाच राजमा. आमटी करू नकोस, शिजत नाही. यांनी एकदा शिजवून बघितलाय.

तयार पारी आणणार असशील तर लेबलवर ‘लार्ड’ शब्द शोध. डुकराची चरबी. सगळ्यांत नसते, पण काहींत असते, आणि सासूबाईंना वाढताना हे आधी माहीत असलेलं बरं. त्या जेवणात रताळ्यावर पांढरे मार्शमेलो भाजून घातलेली एक भाजी हमखास असेल, त्यातही जिलेटिन असतं.

आता सासूबाई. चौदा माणसं म्हणालीस ना? नऊ इंची पायचे आठ तुकडे पडतात. म्हणजे दोन पाय करावेच लागणार, प्रश्न आपोआप सुटला. दुसरा बिनअंड्याचा. डबाभर भोपळा वरच्यासारखाच मसाला-मीठ घालून पण साखरेशिवाय परत, त्यात चौदा औंसाचा गोड कंडेन्स्ड मिल्कचा डबा, आणि अर्धा कप दुधात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर चार सपाट टेबलस्पून. तिकडे त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात. दुकानात ‘कॉर्न फ्लोअर’ मागितलंस तर मक्याचं पीठ हातात येईल. हे सगळं गॅसवर सतत ढवळत शिजव. इथे नियम उलटा. अंड्याचं सारण उकळू द्यायचं नसतं, हे मात्र पिठलं रटरटतं तसं दोन मिनिटं रटरटलंच पाहिजे, नाहीतर कॉर्नफ्लॉवर कच्चं राहतं आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं. या पायची पारी आधीच पूर्ण तांबूस भाजून घे, राजमा काढल्यावर पंधरा मिनिटं तरी. गरम सारण त्यात ओत, वर थोपटून सपाट कर आणि रात्रभर फ्रीजमध्ये. ओव्हनमध्ये परत घालायची गरज नाही. चव थोडी बर्फीकडे झुकते. सांगलीच्या बाईंना तीच जास्त आवडेल, पैज लाव.

दोन्हींवर कागदाचे झेंडे टोचून लिही, आणि सुऱ्या दोन ने. सासूबाई काही बोलणार नाहीत, पण सुरी कुठून कुठे फिरते हे त्या बघत असतात. मी सासू झाल्यापासून मीही बघते.

घारगे आदल्या दिवशी तळ, डब्यात भर, आणि गोडाच्या टेबलावर मांडू नकोस. यजमानीणबाईंच्या हातात दे, ‘उद्याच्या चहाला’ म्हणून.

प्रश्न : ताई, मुलगा नाताळच्या सुट्टीत ह्यूस्टनहून येतोय, अमेरिकन सून पहिल्यांदाच नाशिकला येतेय. तिच्या घरी नाताळच्या जेवणात भोपळ्याचा पाय असतो असं कळलं. तिला इथे करून वाढावा असं मनात आहे. परदेशी डबा एका दुकानात दिसला, किंमत बघून परत ठेवला. आमच्याकडे २८ लिटरचा ओटीजी आहे. इव्हॅपोरेटेड दूध कुठून आणू? अंडं चालतं.
— एक सासूबाई, नाशिक

उत्तर : बरं केलंत डबा परत ठेवलात. वरच्या उत्तरात सांगितलं तसं, डब्यातला भोपळा आणि तुमच्या मंडईतला लाल भोपळा एकाच कुळीतले. फोड घेताना केशरी-लालसर, बोटाने दाबली तर न दबणारी, हातात जड लागणारी घ्या. पिवळी फिकट फोड भाजीला ठेवा.

किलोभर भोपळा लागेल. उकडू नका, कुकर तर नकोच, सगळी वाफ गरात जाऊन बसते. मोठ्या फोडी सालीसकट ओटीजीत २०० सेल्सिअसवर पाऊण तास भाजा, चमच्याने गर काढा आणि पुरणयंत्रातून फिरवा. मिक्सरपेक्षा पुरणयंत्र चांगलं, दोरे वरच अडकतात. मग श्रीखंडाचा चक्का टांगतो तसा पंचात बांधून तासभर टांगा. सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास घट्ट गर हाती येईल. खाली साठलेलं पाणी टाकू नका, त्यात कणीक मळा, पोळ्यांना सुंदर रंग येतो.

दूध म्हणाल तर तो डबा म्हणजे नुसतं आटवलेलं दूध, साखर नसलेलं. पाऊण लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर साडेतीनशे मिलिलिटरपर्यंत आटवा, साय खरवडून आत ढकलत राहा, पार गार करा, गाळून घ्या. डब्यापेक्षा सरस होतं, हे मी पिओरियातही करून बघितलंय. साखर दीडशे ग्रॅम. गुळाचा मोह होईल, पण गूळ घातलेलं दूध ओव्हनमध्ये फाटलं तर सुनेपुढे काय ठेवाल? साखरच बरी. अंडी आपल्याकडची लहान असली तर तीन घ्या. लोणी पिवळं खारं असेल तर पारीतलं मीठ गाळा.

ओटीजीची गोम एकच, वरची कांडी फार जवळ असते. दोन्ही कांड्या लावून वीस मिनिटं आधी तापवा, पाय सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवा. पहिली पंधरा मिनिटं २२०, मग १७५. अर्ध्यातच रंग चढला तर वर फॉइल सैलसर झाका. काढायचा कधी, ते खरवसाचं वर लिहिलंच आहे, आणि तुम्हाला खरवस कसा थरथरतो हे मी काय सांगणार.

एक आगाऊपणा करू का? एकटीने करू नका. पारी लाटताना सुनेला ओट्याशी बोलवा. तिच्या आईची मापं कदाचित वेगळी असतील, ती तिला सांगू द्या.

प्रश्न : आम्ही टोरांटोला असतो. इथलं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. रविवारी संध्याकाळी दोन पाय करून रात्रभर ओट्यावर झाकून ठेवले. सकाळी मैत्रीण म्हणाली टाकून दे, मी टाकले, आणि दिवसभर हळहळले. खराब होतात का एका रात्रीत? झाकण काढलं तेव्हा वर पाणीही साठलेलं होतं.
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : टाकलेत तेच बरोबर. अंडं आणि दूध आहे त्यात, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. पूर्ण निवला की फ्रीजमध्ये, तिथे तीन-चार दिवस खुशाल राहतो, उलट दुसऱ्या दिवशी मसाला जास्त मुरतो. पाणी साठलं ते कोमट असतानाच झाकल्यामुळे, आपल्याकडे गरम पोळ्या डब्यात भरल्या की होतं तसं. जाळीवर ठेवून दोन तास उघडा निववा, वाटल्यास माशीसाठी वर चाळण उपडी घाला. आणि उरलेला तुकडा सकाळी चहाबरोबर थंडच खा. मायक्रोवेव्हमध्ये घातला की पारी पुन्हा मऊ पडते.